काटा खाली का येतो?

आमच्या घरात 'प्रेशर' हा शब्द गेली दहा-बारा वर्षे एकाच अर्थाने वापरला जातो. सौ.चे प्रेशर. सकाळी चहाच्या आधी आणि रात्री जेवणाच्या आधी तिच्या दंडाला पट्टा गुंडाळायचा, मशीन थांबले की आकडे वहीत लिहायचे, हे काम माझ्याकडे आहे. आयुष्यभर हजेरीपट भरले, त्यामुळे रकाने आखायची हौस आहे. मागे एकदा ती डॉक्टरांचा जिना धापा टाकत चढली आणि बसल्या बसल्या प्रेशर मोजले गेले. ते जास्त आले, गोळी वाढली, आणि हिला उठताना चक्कर येऊ लागली. पुढच्या खेपेला मी वही नेली. डॉक्टरांनी पंधरा दिवसांचे रकाने शांतपणे पाहिले आणि गोळी पूर्ववत केली. एका आकड्यावरून औषध ठरवू नये, हे तेव्हा पटले.

आज लिहायचे आहे ते मात्र जमिनीच्या प्रेशरबद्दल. हसू नका. जमिनीलाही प्रेशर असते, आणि तेही वर-खाली होते, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळले.

आमचे जावई बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात सहा-सात वर्षे नोकरीला होते. तिथून पुण्याला आणि पुण्याहून जर्मनीला, श्टुटगार्टच्या जवळ. पूर्वी बारामतीचा मुलगा परदेशी गेला की गावात बातमी व्हायची. आता पियाजिओ आणि फेरेरो ही इटलीची नावे आमच्याकडच्या रिक्षावाल्याला पाठ आहेत (त्याची रिक्षाच पियाजिओची!), त्यामुळे कुणाला नवल वाटत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघे तीन महिन्यांसाठी लेकीकडे गेलो. घर दोन मजली, नुकतेच हप्त्यावर घेतलेले, पण बांधलेले पंधरा-वीस वर्षांपूर्वीचे.

पहिल्या दिवशी सौ.ने बूट-मोजे काढून पाय जमिनीवर ठेवला आणि म्हणाली, "अहो, या फरशीला ताप आलाय का?" बाहेर बर्फ आणि आत फरशी कोमट. शेगडी दिसत नाही, हीटर दिसत नाही, पंख्याचा आवाज नाही. जावयांनी सांगितले, फरशीखाली नळ्या पसरल्या आहेत आणि त्यांतून गरम पाणी फिरते. गरम म्हणजे काही उकळते नव्हे, पस्तीस-चाळीस अंशांचे. आमच्याकडे एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीतले पाणी होते तेवढेच. फरशीचे तापमान एकोणतीस अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही असा तिकडे दंडक आहे. जास्त तापली तर पायांना बरे वाटत नाही. कल्पना नवी नाही. रोमन लोक स्नानगृहांच्या जमिनीखालून गरम हवा खेळवीत. कोरियात चुलीचा धूर जमिनीखालून नेऊन घर उबदार ठेवण्याची पद्धत तर शेकडो वर्षांची. आपल्याला या गोष्टीची गरज पडली नाही. आपण जमीन सारवली ती गार राहावी म्हणून.

नळ्यांची लांबी ऐकून मात्र मी थक्क झालो. त्या एका घरात जवळजवळ आठशे मीटर नळी! आठ-दहा वेगवेगळे फेरे, प्रत्येक खोलीचा निराळा. सगळे फेरे भिंतीतल्या एका कपाटात एकत्र येतात, तिथे प्रत्येकाला बंद-चालू करायची चावी. नळी करंगळीएवढी, त्यामुळे सगळी मिळून शंभर लिटरच्या आसपास पाणी मावते. म्हणजे आपले पाच हंडे. तेच पाणी गोल गोल फिरत राहते. ते कुणी पीत नाही, त्याने कुणी अंघोळ करत नाही, ते कुठे सांडत नाही. वर्षानुवर्षे तेच.

आणि म्हणूनच माझी गोष्ट सुरू होते. कारण त्या घरातले पाणी कमी होत होते.

तळघरात बॉयलर होता आणि त्याच्यावर घड्याळासारखा गोल काटा. जावई दर आठ-दहा दिवसांनी खाली जात, एक चावी उघडत, काटा दीडवर आला की बंद करून वर येत. मी विचारले, हे काय? तर म्हणाले, "काही नाही बाबा, प्रेशर कमी होतं. पाणी भरलं की झालं." दोन मिनिटांचे काम. मी आल्यावर ते आठ-दहा दिवस पाचावर आले, मग तिसऱ्या दिवशी भरावे लागू लागले.

आमच्या पिढीच्या माणसाला हे बरोबर वाटेना. पाणी बंद नळीत आहे, बाहेर जायला वाट नाही, आणि तरी कमी होते. मग जाते कुठे?

त्यांनी एका कंपनीच्या मिस्त्रीला बोलावले. तो आला, काटा पाहिला, पाणी दोनच्या वर भरले, सही घेतली आणि गेला. आठवड्याने पुन्हा आला तेव्हा म्हणाला की फरशीखालची नळी कुठेतरी फुटली असणार, दिवाणखान्याची फरशी उकरावी लागेल. नाहीतर पाणी भरत राहा, चालेल तोवर चालेल. उकरण्याच्या खर्चाचा त्याने सांगितलेला आकडा जावयांच्या घराच्या तीन महिन्यांच्या हप्त्यांएवढा होता. त्या रात्री जेवताना कुणी बोलले नाही. लेक दोन वेळा उठून दिवाणखान्याच्या फरशीकडे बघून आली, जणू पाण्याचा डाग आत्ता वर येईल.

मला यंत्रांतले काही कळत नाही. मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेला माणूस मी. पण वही मला कळते. दुसऱ्या दिवसापासून मी काट्याची वही सुरू केली. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. प्रत्येक वेळी काट्याचा आकडा, शेजारी पाण्याचे तापमान (तेही बॉयलरवरच दिसते) आणि बाहेरची थंडी. पाणी भरले तर लाल रेघ. जावयांनी हसून घेतले. सौ. म्हणाली, "माझं सोडून आता बॉयलरचं प्रेशर बघा."

दहा दिवसांत रकाने बोलू लागले. काटा नुसता खाली येत नव्हता. तो आधी वर जात होता! सकाळी अंघोळीचे पाणी तापवायला बॉयलर जोरात लागला की काटा पावणेतीनच्या पुढे. रात्री बॉयलर मंद झाला, पाणी निवले की पाऊणवर. बाहेर जितकी थंडी जास्त, तितका बॉयलर अधिक तापणार आणि काटा तितका वर जाणार. आणि प्रत्येक वेळी वर जाऊन परतला की आधीपेक्षा थोडा खाली येऊन थांबणार. मिस्त्री दोन्ही वेळा दुपारी आला होता. त्याला काटा मधेच कुठेतरी दिसला होता.

आता इथे थोडे शास्त्र सांगायला हवे. जावयांनी मला समजावले तसे सांगतो, वर्गात सांगितल्यासारखे वाटले तर माफ करा.

काट्यावरचा आकडा 'बार'मध्ये असतो. एक बार म्हणजे साधारण दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब. आमचे शेतकरी 'एक किलो प्रेशर' म्हणतात ते जवळपास हेच. दोन मजली घरात पाणी वरपर्यंत पोचून नळ्या भरलेल्या राहायला अर्धा-पाऊण बार लागतो, म्हणून थंड असताना दीडच्या आसपास ठेवतात. तीन बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि जास्तीचे पाणी सोडून देतो, नाहीतर काहीतरी फुटेल.

पाणी तापले की फुगते. वीस अंशांचे पाणी चाळीस अंशांवर नेले तर शंभर लिटरमागे अर्धा लिटरहून थोडे जास्त वाढते. एक तांब्या म्हणा. आपल्या अंघोळीच्या तांब्याच्या बंबात याचा प्रश्नच नव्हता, वर तोंड उघडे, पाणी फुगले तर फुगले, वाफ झाली तर गेली. पण बंद नळ्यांत हा एक तांब्या जाणार कुठे? पाणी दाबले जात नाही. म्हणून अशा व्यवस्थेत एक लाल रंगाचा, मोठ्या डब्यासारखा टँक बसवलेला असतो. आत मधोमध रबराचा पडदा. पडद्याच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला हे पाणी. पाणी फुगले की पडदा हवेकडे सरकतो, हवा दबते, पाण्याला जागा मिळते. निवले की हवा पाण्याला परत ढकलते. काटा दीडचा पावणेदोन होतो आणि पुन्हा दीड. एवढेच.

हा पडदा फाटला किंवा हवा निघून गेली, की त्या एका तांब्याला जागा उरत नाही. मग काटा उसळी मारतो, तीनला भिडतो, सेफ्टी व्हॉल्व्ह थोडे पाणी सांडतो. रात्री पाणी आकसले की जेवढे सांडले तेवढे कमी, म्हणून काटा खाली. सकाळी तुम्ही खाली आलेला काटा पाहता, 'प्रेशर कमी झाले' म्हणून पाणी भरता. दुपारी तेच भरलेले पाणी फुगते आणि पुन्हा सांडते. म्हणजे पाणी भरणे हेच पुढच्या गळतीचे कारण! त्या मिस्त्रीने दोनच्या वर भरून दिले होते, तेव्हा तर दुसऱ्याच दिवशी काटा तीनवर होता. माझ्या वहीत आहे.

हे सगळे जावयांना माहीत होते. इंजिनियर माणूस. पण दहा तास नोकरी करून आलेल्या माणसाने तळघरात जाऊन विचार करत बसावे असे मी तरी म्हणणार नाही. चावी फिरवून दोन मिनिटांत काम होत असेल तर कोणीही चावीच फिरवेल. वहीतले आकडे समोर ठेवल्यावर मात्र त्यांनी कपाळाला हात लावला.

तरी खात्री करायची होती. सेफ्टी व्हॉल्व्हच्या तोंडाखाली एक नरसाळे होते, तिथे पडलेला थेंब सरळ गटारात जायचा. त्यामुळे ओल कधी दिसलीच नव्हती. मी बारामतीहून नेलेली एक स्टीलची वाटी त्या नरसाळ्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटी काठोकाठ भरली होती. सौ.ला मी ती वाटी वर आणून दाखवली, तर तिने आधी 'ही माझी आमटीची वाटी आहे' एवढेच पाहिले.

दुसरी परीक्षा फरशीची. नळी फुटली असेल तर ती बॉयलर चालू असो वा बंद, गळणारच. म्हणून एका शनिवारी बॉयलर बंद केला, पाणी पूर्ण निवू दिले, काटा दीडवर आणला आणि पाणी भरायची चावी घट्ट बंद असल्याचे पाहिले. रविवारी दिवसभर आम्ही स्वेटर घालून, शाली पांघरून बसलो. नातवाला ते खूप आवडले. रात्री काटा दीड. सोमवारी सकाळी काटा दीड. केसभर हलला नाही. तो हलला असता तर पुढची पायरी होती: कपाटातल्या चाव्यांनी एकेक फेरा बंद करत जायचे, ज्याला बंद केल्यावर काटा थांबेल तो फेरा फुटका. मग त्या खोलीत उष्णता दाखवणारा कॅमेरा फिरवून नेमकी जागा शोधतात, आणि तेव्हा कुठे एक फरशी उचलायची. सगळा दिवाणखाना उकरायचे काम तेव्हाही नव्हते.

मग शेजाऱ्यांनी सुचवलेले एक वयस्कर मिस्त्री आले. त्यांच्यापुढे मी वही ठेवली. त्यांनी दोन पाने उलटली आणि जावयांकडे पाहिले. आकडे देवनागरीत होते! लेकीने बसून दहा दिवसांचे रकाने पुन्हा लिहून दिले. ते वाचून झाल्यावर त्यांनी फरशीकडे पाहिलेच नाही. सरळ त्या लाल टँकपाशी गेले. टँकला खाली सायकलच्या ट्यूबला असतो तसा व्हॉल्व्ह असतो. त्यातली पिन त्यांनी नखाने दाबली. हवा यायला हवी होती, पाण्याची चिळकांडी उडाली. पडदा फाटलेला. नवा टँक बसला, सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उघडून त्यात कचरा अडकला होता म्हणून तोही बदलला. जाताना त्यांनी सांगितले की पहिले दोन आठवडे काटा किंचित खाली येईल, कारण नव्या पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर बाहेर पडते. तेवढे एकदा भरा, तारीख लिहा, त्यानंतर वर्षभर भरायची वेळ येऊ नये. आली तर मला बोलवा. सगळ्याचा खर्च पहिल्या मिस्त्रीच्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याहून कमी.

आता माझे मत. प्रेशर कमी झाले म्हणून पाणी भरणे ही दुरुस्ती नव्हे. ते फार तर निदान पुढे ढकलणे आहे, आणि फुकटही नाही. प्रत्येक वेळी भरलेले नवे पाणी आपल्याबरोबर प्राणवायू आणि क्षार आणते. प्राणवायूने लोखंडी भाग आतून गंजतात, त्या गंजाचा काळा गाळ पंपात आणि बारीक नळ्यांत बसतो. क्षार काय करतात हे बारामतीच्या बोअरचे पाणी वापरणाऱ्याला सांगायला नको. गिझरची कॉइल काढून बघा, चुन्याचा थर. तेच शंभर लिटर पाणी वर्षानुवर्षे फिरत राहिले तर त्यातला प्राणवायू एकदा संपतो, पाणी शांत होते. दर तीन दिवसांनी तांब्याभर ताजे पाणी घातले तर ते कधी शांत होत नाही. मिस्त्री फक्त भरून गेला तर त्याला काम केल्याचे पैसे देऊ नयेत, इतपत माझे म्हणणे आहे. लेकीला ते टोकाचे वाटते. असू दे.

तिकडची गोष्ट तिकडे राहिली असती. पण परत आलो तो २०२४ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस कमी झालेला, उजनीचा साठा उणे पातळीत, निरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाकडे सगळ्यांचे डोळे. इंदापूर तालुक्यात माझ्या पुतण्याचा दोन एकर ऊस आहे, ठिबकवर. त्याने फोन केला: "काका, शेवटच्या ओळींना पाणीच पोचत नाही. मोटर कमी पडतीय." पाच एचपीची होती, ती काढून साडेसातची बसवली होती. त्यासाठी सोसायटीचे कर्ज. आणि आता सुरुवातीच्या ओळींचे जोड निसटत होते, पाणी चिळकांड्या उडवत बांधाला जात होते, आणि शेवटच्या ओळी तशाच कोरड्या.

मी गेलो. तोपर्यंत मी स्वतःला काट्याचा जाणकार समजू लागलो होतो! ठिबकच्या फिल्टरला दोन काटे असतात, एक पाणी आत शिरते तिथे, एक बाहेर पडते तिथे. दोघांतला फरक अर्ध्या किलोच्या पुढे गेला की फिल्टर तुंबला, धुवा. इतकी साधी गोष्ट. पुतण्याच्या फिल्टरवर दोन्ही ठिकाणी काट्यांच्या जागी लोखंडी बूच लावलेले. काटे कुठे गेले? "अनुदानाची तपासणी झाली तेव्हा होते. पुढं एकाची काच फुटली, दुसऱ्यात पाणी शिरलं. बसवणारा म्हणाला, बूच मारा, पाणी काय थांबत नाही." शेजारच्या शेतातून दोन काटे मागून आणले आणि लावले. आत अडीच, बाहेर पाऊण. पावणेदोन किलो प्रेशर फिल्टरमधल्या शेवाळ्या-मातीतच खर्ची पडत होते! फिल्टर उघडून चकत्या ब्रशने घासल्या, वाळूचा फिल्टर उलटा धुतला, ड्रिपरमध्ये क्षार बसले होते त्यांना आम्लाचे पाणी सोडले. पाच एचपीची मोटर पुरेशी होती. ती त्याने विकून टाकली होती.

आणि गंमत म्हणजे एमआयडीसीच्या आमच्या भागातही तेच. कुणाच्या नळाला पाणी कमी आले की तो नळाच्या लाइनलाच मोटर लावतो. त्याची टाकी भरते, शेजाऱ्याची धार करंगळीएवढी होते, मग शेजारी मोटर लावतो. लाइन कुठे तुंबली आहे, कुठे फुटली आहे, की मुळात वेळच कमी आहे, हे बघायला कुणी जात नाही. गल्लीत आज सात मोटरी आहेत. मीही एकदा दुकानात जाऊन किंमत विचारून आलो होतो, हे कबूल करतो. सौ.ने अडवले.

एक मात्र सांगायला हवे, नाहीतर मी वहीवाला मास्तर सगळ्या गळत्यांच्या मागे लागलो आहे असे वाटेल. आमच्या निरा डाव्या कालव्याला आतून अस्तर करायचे ठरले तेव्हा शेतकऱ्यांनी विरोध केला. कागदावर पाहिले तर कालव्यातून पाझरणारे पाणी ही गळती. पण त्याच पाझरावर कालव्याच्या कडेच्या विहिरी भरतात, त्यावर किती घरे जगतात. ती गळती थांबवायची तर आधी त्या विहिरींचा हिशेब मांडावा लागेल. जमिनीखालच्या बंद नळीतून गेलेले पाणी कुणाच्याच विहिरीत जात नाही. कुठले पाणी वाया गेले हे ठरवायलाही आधी ते कुठे जाते हे पाहावे लागते, आणि तेवढेच मी म्हणतो आहे.

लेकीकडची वही मी तिथेच ठेवून आलो. आता त्यात इंग्रजी आकडे असतात. महिन्यातून एकदा ती काट्याचा फोटो पाठवते. नवा टँक बसल्यापासून लाल रेघ एकच आहे, त्या पहिल्या पंधरवड्यातली.

पुतण्याला मी दोन नवे काटे घेऊन दिले, आणि एक वहीही. काटे त्याने त्याच दिवशी बसवले. वही घेतली नाही. म्हणाला, "काका, वही शेतात भिजती. मी मोबाइलवर फोटो काढून टाकत जाईन." चार दिवस फोटो आले, मग बंद झाले. मी फोन केला की पुन्हा दोन दिवस येतात. परवाच्या फोटोत आत १.९ होते आणि बाहेर १.५. म्हणजे दोन-तीन दिवसांत फिल्टर धुवायला हवा. आज संध्याकाळी फोन करतो.